तळोज्यात खोली घेताय? ‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे खरं आहे का?

मुंबई विद्यापीठाची हद्द मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत ७ जिल्ह्यांत पसरली आहे. मुंबईतली त्याची वसतिगृहं मात्र चर्चगेट आणि कलिना परिसरात आहेत आणि तिथल्या जागा मोजक्या आहेत. ज्यांचा नंबर लागत नाही, ते स्वस्त खोली शोधत शहराबाहेर सरकतात. तळोजा हे त्यातलंच एक ठिकाण.

तळोजाच का?

शेजारच्या खारघरमध्ये महाविद्यालयं भरपूर, पण भाडी जास्त. तळोज्यात सिडकोची आणि खासगी अशी बरीच नवी घरं झाली आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर मेट्रो सुरू झाली आणि खारघर, बेलापूर गाठणं सोपं झालं. कलिन्याला जायचं तर बेलापूरहून हार्बर लोकलनं कुर्ला आणि पुढे बस. प्रवास लांबचा आहे, पण तिघाचौघांनी मिळून फ्लॅट घेतला की खर्च आवाक्यात येतो.

मग अडचण कुठे आहे?

वसतिगृहात तक्रार करायला वॉर्डन असतो. भाड्याच्या खोलीत तुमच्या बाजूनं फक्त कागद असतो. नेमका तोच अनेकांकडे नसतो. ‘करार ११ महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही’ असं एजंट सांगतो आणि आपण मान डोलावतो.

हा समज येतो कुठून?

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्रात त्यापुढे जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो.

हे कलम आणखी काय सांगतं?

- नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.
- नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं.
- नियम मोडणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पनवेलसारख्या महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं. नोंदणी ऑनलाइनही होते.

पण कायदा एकतर्फी नाही. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर मालक दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो. त्यामुळे कराराची शेवटची तारीख लक्षात ठेवा.

पीजी असेल तर?

मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्हाला घराचा एक भाग दिला असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘पेइंग गेस्ट’ ठरता. ‘लायसन्सधारक’ या व्याख्येत पेइंग गेस्ट येत नाही. तेव्हा अनामत रक्कम, भाडं आणि खोली सोडण्याच्या अटी लिहून, सही करून घ्या. पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयनं द्या.

या कागदाचा आणखी एक उपयोग

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, तर इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई, नवी मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले आहेत: भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. अर्ज करताना भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो. तिथे नोंदणीकृत करार कामी येतो.

आता हिशोब करा. निवासाचे २०,००० रुपये १२ महिन्यांत वाटले, तर महिन्याला सुमारे १,६६७ रुपये येतात. एवढ्यात एकट्याला खोली परवडणं कठीण. म्हणूनच एका फ्लॅटमध्ये चौघं राहतात आणि म्हणूनच बुडालेलं डिपॉझिट अनेकांना थेट शिक्षण सोडण्यापर्यंत नेऊ शकतं.

थोडक्यात, चावी घेण्याआधी तीन गोष्टी बघा: करार नोंदवला आहे का, खोलीत राहणाऱ्या सगळ्यांची नावं त्यात आहेत का, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलं आहे का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तरच पैसे द्या.