आतड्यातील सूक्ष्मजीव आणि रोगप्रतिकारक्षमता : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक :
सूक्ष्मजीव म्हणजे रोग, हे समीकरण आपल्या मनात दृढ झाले आहे. वस्तुतः मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू वास करतात व त्यांपैकी बहुसंख्य मोठ्या आतड्यात असतात. संसर्गजन्य रोगांच्या प्रतिकारातील त्यांचे कार्य प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

कार्यपद्धती :
हे संरक्षण दोन प्रकारे घडते. पहिला प्रकार प्रत्यक्ष होय. स्थायिक जीवाणू जागा व अन्न व्यापतात; त्यामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. स्ट्रेप्टोमायसिन दिलेले उंदीर साल्मोनेलाच्या अत्यल्प मात्रेनेही बाधित होतात, हे १९५० च्या दशकातच दिसून आले होते. दुसरा प्रकार अप्रत्यक्ष होय. तंतुमय अन्नाच्या किण्वनातून ब्युटिरेट तयार होते. ते आतड्याच्या अस्तराला ऊर्जा पुरवते आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींना चालना देते.

स्थानिक संदर्भ :
जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर समाजाच्या आहारात भाताबरोबर नाचणी व वरई यांना परंपरेने स्थान आहे. ही तृणधान्ये अशा जीवाणूंचे खाद्य होत. अर्थात, केवळ आहार पुरेसा नाही. दूषित पाणी व वारंवार होणारे अतिसार हा समतोल बिघडवतात.

शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू हे रोटाव्हॅक लसीच्या चाचणीचे एक केंद्र होते. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण आढळले. संपन्न देशांत तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटाव्हायरस लसींचा प्रभाव याहून बराच अधिक असतो. मातेकडून आलेली प्रतिद्रव्ये, कुपोषण व अन्य संसर्ग यांबरोबरच आतड्यातील जीवाणूंची रचना हेही या तफावतीचे एक संभाव्य कारण मानले जाते. परंतु त्याविषयीचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. तरीही ही लस अनेक बालकांना गंभीर आजारापासून वाचवते, हे विसरता कामा नये.

ओडिशातील चाचणी (२०१७) अधिक आशादायक आहे. तेथे ४,५५६ नवजात बालकांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम व त्याचे पोषक द्रव्य सात दिवस दिले गेले. जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले.

समारोप :
प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर या उपकारक जीवाणूंनाही मारतात. बालकांच्या साध्या पाणीदार अतिसारात जलसंजीवनी व जस्त हाच मुख्य उपचार होय. प्रतिजैविके वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावीत. स्तनपान, शुद्ध पाणी, लसीकरण आणि नाचणी-वरईयुक्त आहार यांचा एकत्रित विचार व्हावा. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी हा विषय वर्गाबाहेर, राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांपर्यंत न्यावा, असे सुचवावेसे वाटते.