कोलंबियाची वाट : मधल्या माणसाचा शोध

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. किल्लारीच्या भूकंपाने शिरूर अनंतपाळची माळवदाची घरेही हादरली. मदतीच्या ट्रकांमागोमाग पुढे अभ्यासकही आले. त्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेचे भूशास्त्रज्ञ होते. कोलंबिया हे नाव मला तोवर एकाच कारणाने ठाऊक होते : बाबासाहेब तिथे शिकले. ते विद्यापीठ आमच्या शेतातली भेग मोजायला येऊ शकते, तर आमचे पोर तिथे का पोचत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. कुठल्या विद्यापीठाची नेमणूक नसताना जमेल तसे वाचत, विचारत मी त्याचे उत्तर शोधत आलो. त्याचाच हा थोडका हिशेब.

सुरुवात १९१३ पासूनच करावी लागते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात करार झाला : परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. ही गोष्ट आपण 'राजाने दिले, विद्वानाने घेतले' अशी सांगतो. पण राजा आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक माणूस उभा होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक. बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके दिली आणि त्याच्या कॉलेजशिक्षणासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला. त्या ओळखीतूनच पुढची परदेशाची वाट निघाली.

न्यूयॉर्कहून लंडनला जाताना हेच पुन्हा घडले. प्राध्यापक सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र दिले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर. पैसा लागलाच, पण प्रत्येक वळणावर कोणीतरी वाट दाखवणारा, चिठ्ठी लिहिणारा, मुदत सांभाळणारा होता. याला मी 'मधला माणूस' म्हणतो.

मराठवाड्यात हा माणूस का घडला नाही? निजामाचे राज्यही परदेशी शिक्षणाला पैसा देत होते. १८९५ मध्ये सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. पण त्यांचे वडील हैदराबादेत निजाम कॉलेजचे प्रमुख होते. दरबारापर्यंतचे अंतर त्यांना चालावे लागले नाही. आमच्याकडच्या मुलाला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकायचे तर आधी उर्दू माध्यम ओलांडावे लागे. परदेशी शिक्षण त्याच्यासाठी घराच्या उंबऱ्यापाशीच सुरू होई. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चे. शहाण्या माणसांची साखळी तयार व्हायला दोन-तीन पिढ्या लागतात. आमची पहिलीच पिढी अजून निवृत्त होते आहे.

आज दारे पुष्कळ आहेत. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज योजनेतून दरवर्षी ७५ विद्यार्थी पाठवता येतात. अट अशी की, विद्यापीठ 'क्यूएस' या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे. 'सारथी'च्या योजनेला तर सयाजीरावांचेच नाव आहे. इतर मागास, भटके आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. जातीची अट नसलेल्या वाटाही आहेत. ब्रिटनची चिव्हनिंग एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते. त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. युरोपच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमात विद्यार्थी एकाहून अधिक देशांत शिकतो. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो बांधील खात्यात दाखवावे लागतात. 'शिक्षण फुकट' एवढेच ऐकून निघालेला मुलगा या आकड्यापाशी थबकतो.

दारे आहेत, मग अडते कुठे? मला दोन जागा दिसतात.

पहिली जागा लेखनाची. लातूर पॅटर्नने आम्हाला प्रश्नसंच सोडवायला शिकवले. चार पर्यायांतला बरोबर पर्याय आमची मुले झोपेतही ओळखतील. परदेशी अर्ज पर्याय देत नाही. तो विचारतो : तुम्हाला हेच का शिकायचे आहे? मग पाण्याच्या टँकरमागे धावण्यात बालपण गेलेली मुलगी जलव्यवस्थापनाच्या अर्जात तेवढेच सोडून सगळे लिहिते. ते सांगण्याजोगे आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. शिफारसपत्राचेही तेच. 'विद्यार्थिनी सुस्वभावी आहे' हे वाक्य आमच्याकडे कौतुकाचे. परदेशी निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही.

दुसरी जागा तारखांची. परदेशी विद्यापीठांचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात, वर्ग पुढल्या सप्टेंबरच्या सुमारास भरतात. सरकारी शिष्यवृत्तीची जाहिरात मधेच, बहुधा उन्हाळ्यात, येते आणि ती विनाअट प्रवेशपत्र मागते. म्हणजे जाहिरात पाहून जागा झालेला विद्यार्थी वर्षभर उशिरा जागा झालेला असतो. तालुक्यातल्या एका मुलीचे कागद मी स्वतः लावले होते. प्रवेश मिळाला, पण अंतिम वर्षाची गुणपत्रिका दाखवण्याच्या अटीवर. निकाल लांबला, अट सुटली नाही, शिष्यवृत्तीची मुदत टळली. चूक माझीही होती. वर्ग सुरू होण्याची तारीख पुढच्या सत्रापर्यंत ढकलण्याची विनंती विद्यापीठाला करता येते, हे मला ठाऊक नव्हते. केळुसकर व्हायला निघालेल्या माणसाने आधी नियम वाचायला हवे होते.

त्या मुलीने दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज भरला नाही. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. एका मुदतीची किंमत एक वर्ष असते, असे शहरात म्हणता येते. आमच्याकडे ती किती असते, हे तेव्हा कळले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे चिव्हनिंगवर लंडनला शिकून आले. त्याआधीपासूनच त्यांची 'एकलव्य' संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या वाटेला लावते आहे. मधला माणूस घडवता येतो, त्याला राजघराण्याची ओळख लागत नाही, हे यातून दिसते. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात असा एक प्राध्यापक हवा, ज्याच्याकडे या तारखांची वही असेल.

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तो नेमका अर्जांचा हंगाम. आपल्या ओळखीत शेवटच्या वर्षाला असलेले कोणी असेल, तर तिला या आठवड्यात दोनच गोष्टी विचारा : पासपोर्ट काढलास का? आणि शिफारसपत्र कोणाकडून घेणार आहेस? उत्तर देताना ती गोंधळली, तर मधला माणूस तुम्हीच आहात असे समजा.