मावळातला जुना दस्त आणि सरकारी अभय

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ नुसार राज्यपाल शिक्षा झालेल्याला माफी देऊ शकतात. सर्वक्षमा याहून वेगळी असते. ती एकेका माणसापुरती नसून सबंध वर्गाला, अनेकदा खटल्याआधीच, दिली जाते.

लोणावळ्याचा बंगलेवाला किंवा तळेगावचा फ्लॅटधारक यांच्या ओळखीचा तिचा प्रकार म्हणजे मुद्रांक शुल्क अभय योजना. १ डिसेंबर २०२३ पासून राज्याने ती राबवली. १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातल्या, कमी मुद्रांक भरलेल्या दस्तांसाठी ती होती. एरवी थकलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो. इ. स. २००० पर्यंतच्या दस्तावर एक लाखापर्यंतचे शुल्क असेल, तर पहिल्या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही पूर्ण माफ झाले. दुसऱ्या टप्प्यात ८० टक्के. उशीर केला की सवलत घटते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर वेळेवर शुल्क भरणाऱ्यावर अन्याय होतो.

योजनेची मुदत २०२४ मध्ये संपली. मावळात जुनी मिळकत घेताना आधीच्या प्रत्येक खरेदीखताचे मुद्रांक शुल्क पूर्ण भरले आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात जरूर तपासा.