खोदलेल्या रस्त्यानंतरचे पहिले पाणी

गावात जेसीबी शिरला की पुढचे काही आठवडे कसे जाणार, हे आता बहुतेक गावांना ठाऊक झाले आहे. नुकताच झालेला सिमेंटचा रस्ता कडेने चिरला जातो, मातीचे ढीग दारापर्यंत येतात, जुनी लाइन कुठेतरी तुटते आणि नळ कोरडे पडतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून नव्या जलवाहिन्या टाकण्याची कामे गावोगावी निघाली. त्यावरच्या तक्रारी असतात त्या चिखलाच्या, धुळीच्या, टँकरच्या आणि रस्ता पूर्ववत न केल्याच्या. नळाला पुन्हा पाणी आले की यातल्या निम्म्या तक्रारी विरतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी ती त्याच दिवशी.

भरलेली नळी, रिकामी नळी

जमिनीखालची कोणतीही जलवाहिनी पूर्णपणे गळतीमुक्त नसते. सांधे सैल होतात, घरगुती जोडणीच्या ठिकाणी झिरपते, एखाद्या झाडाचे मूळ आत शिरते. तरीही पाणी चांगले राहते, कारण नळीच्या आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा जास्त असतो. पाण्याची टाकी साधारण १० मीटर उंचीवर असेल तर खालच्या वाहिनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. तेवढ्या दाबाने पाणी गळतीतून बाहेर पडत राहते आणि बाहेरची घाण आत येऊ शकत नाही.

पुरवठा बंद केला की हे चित्र उलटते. उंचावरच्या आळीतले पाणी उताराने निघून जाते, मागे पोकळी राहते आणि ज्या भोकातून काल पाणी बाहेर येत होते त्याच भोकातून आज आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. हे पाणी कोणते, ते खंदकावर अवलंबून असते. पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेनुसार जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी यांत शक्यतो ३ मीटर अंतर हवे. आपल्या गावातल्या गल्ल्याच मुळात ३ मीटर रुंद असतात. त्यामुळे एका बाजूला उघडे गटार, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी शौचालयाचा शोषखड्डा आणि मधून नळाची लाइन, अशी मांडणी सर्रास दिसते. पावसाळ्यात खंदक भरला की या तिन्हींतले अंतर उरतच नाही.

त्यात आपल्याकडच्या दोन सवयींची भर पडते. दाब कमी म्हणून नळ जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात घेतलेला असतो. पाणी गेल्यावर खड्ड्यात साचलेले पाणी त्याच तोटीतून मागे लाइनमध्ये जाते. दुसरी सवय म्हणजे थेट नळाला टिल्लू मोटर लावणे. मोटर आपल्या घरात पाणी ओढते तेव्हा शेजारच्या वाहिनीतला दाब उणे होतो आणि गळतीच्या जागा गटाराचे पाणी शोषू लागतात.

नवी वाहिनी टाकताना आणखी एक गोष्ट घडते. पाइपचे तुकडे दिवसेंदिवस रस्त्याच्या कडेला पडून असतात. त्यात माती जाते, कुत्री-मांजरे तोंड घालतात, रात्री पाऊस झाला तर खंदकातले गढूळ पाणी थेट पाइपमध्ये शिरते. दिवसाचे काम संपल्यावर उघड्या टोकाला झाकण बसवायचे असते. प्रत्यक्षात तिथे पोत्याचा बोळा दिसतो, किंवा तोही नसतो. म्हणजे वाहिनी नवी असली तरी ती स्वच्छ आहे असे गृहीत धरता येत नाही.

परदेशात आणि शेजारी घडलेले

अमेरिकेतील मिसुरी राज्यातले कॅबूल हे सुमारे दोन हजार वस्तीचे छोटे गाव. तिथे विहिरींचे पाणी नळाने दिले जात होते आणि भूजल चांगले म्हणून त्यात क्लोरीन मिसळले जात नव्हते. १९८९च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. त्या दिवसांत ४५ पाणीमीटर बदलले गेले आणि दोन मुख्य वाहिन्या फुटल्या. पाठोपाठ रक्ताच्या जुलाबांची साथ आली. ई. कोलाय जिवाणूच्या घातक प्रकारामुळे पसरलेल्या या साथीत २४३ जण आजारी पडले आणि चौघांचा मृत्यू झाला. पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला, क्लोरीन सुरू झाले आणि साथ झपाट्याने ओसरली.

पाणीपुरवठा उत्तम मानला जाणाऱ्या नॉर्वेतही हा धोका मोजला गेला आहे. तिथल्या सात जलयोजनांमध्ये वाहिनी फुटल्यावर किंवा दुरुस्तीनंतर त्या भागातल्या घरांची आठवडाभर चौकशी केली गेली. अशा घरांपैकी सुमारे १३ टक्के घरांत पोटाचे आजार आढळले, तर काम न झालेल्या घरांत हे प्रमाण ८ टक्के होते. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस तास दाबाने पाणी येणाऱ्या देशात ही स्थिती असेल, तर दिवसाआड तासभर पाणी सुटणाऱ्या गावात फरक याहून मोठा असण्याचीच शक्यता अधिक.

आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडमधला २०१३चा अभ्यास हेच सांगतो. एकाच शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी आणि उरलेल्या भागांत काही दिवसांआड, अशी तिथे स्थिती होती. खंडित पुरवठ्याच्या नळांतून घेतलेल्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला. अखंड पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. दाब जातो तिथे घाण शिरते, हा या आकड्यांचा अर्थ. खोदकामाच्या काळात तर अखंड पुरवठ्याचीही वाहिनी खंडित होते.

कावीळ महिन्याने येते

गावाला हा संबंध लक्षात का येत नाही, याचे कारण आजारांच्या वेळापत्रकात आहे. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत जुलाब सुरू होतात, त्यामुळे संशय पाण्यावर जातो. विषमज्वराला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीला सरासरी चार आठवडे, तर ‘ई’ प्रकारच्या काविळीला दोन ते दहा आठवडे लागू शकतात. तोवर खंदक बुजलेला असतो, रस्त्यावर खडी पडलेली असते आणि ठेकेदार पुढच्या गावी गेलेला असतो. मग एका आळीत पाच-सात जणांना कावीळ झाली तर ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ यावर विषय संपतो.

यातल्या ‘ई’ प्रकारच्या काविळीची भीती गरोदर स्त्रियांना सर्वाधिक असते. शेवटच्या तीन महिन्यांत हा संसर्ग झाल्यास यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवण्याचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. म्हणून काम कधी झाले, कोणत्या आळीचे पाणी किती दिवस बंद होते आणि कधी सुटले, याची नोंद आशाताईंकडे आणि उपकेंद्रात असणे आवश्यक आहे. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत येणारा प्रत्येक कावीळ वा तापाचा रुग्ण त्या नोंदीशी ताडून पाहता येतो.

सहाशे ग्रॅम पावडरचे काम

हा धोका टाळण्याची पद्धत जुनी, साधी आणि स्वस्त आहे. तिचे चार टप्पे आहेत.

पहिला टप्पा दाबचाचणीचा. सांधे उघडे असतानाच वाहिनीत चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन गळती तपासायची आणि मगच खंदक बुजवायचा. रस्ता लवकर मोकळा करा, या गावाच्या आग्रहापुढे हा टप्पा अनेकदा गळतो. मग गळती काँक्रीटखाली कायमची दडते.

दुसरा टप्पा धुण्याचा. शेवटच्या टोकाचा वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने पाणी सोडले, तरच तळाशी बसलेली माती निघते. नळाच्या तोट्या उघड्या ठेवून बारीक धारेने वाहिनी धुतली जात नाही.

तिसरा टप्पा क्लोरीनचा. अमेरिकी जलपुरवठा संघटनेच्या मानकानुसार नव्या वाहिनीत लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी भरून ते २४ तास कोंडून ठेवतात. त्यानंतरही लिटरला किमान १० मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आतून १०० मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर वाहिनीत सुमारे ७,८५० लिटर पाणी मावते. त्यासाठी सुमारे २०० ग्रॅम क्लोरीन लागेल. ३३ टक्के क्लोरीन असलेली चांगली टीसीएल पावडर घेतली तर ती साधारण ६०० ग्रॅम होते. पोते उघडे आणि ओलसर जागी राहून तिची ताकद २० टक्क्यांवर आली असेल, तर एक किलो. पावडर पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळ तेवढी वापरायची.

चौथा टप्पा तपासणीचा. तीव्र क्लोरीनचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात न सोडता सुरक्षितपणे काढून टाकायचे, वाहिनी पुन्हा साध्या पाण्याने धुवायची आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये आणि नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले हवे. जिवाणूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात.

म्हणजे खर्च जवळजवळ नाहीच. लागतात ते दोन-तीन दिवस, आणि नेमके तेच कुणाकडे नसतात. आठ दिवस हंडे वाहिलेल्या बायकांना आणखी दोन दिवस थांबा असे सांगणे सरपंचाला जड जाते, ठेकेदारालाही बिल काढायचे असते. म्हणून हे दिवस कामाच्या वेळापत्रकात आधीच धरायला हवेत आणि तेवढ्या दिवसांच्या टँकरची सोयही आधीच व्हायला हवी. क्लोरीन कोंडलेल्या रात्री कुणी नळ उघडू नये म्हणून दवंडी, मंदिरातला भोंगा आणि गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप अशा तिन्ही वाटांनी निरोप गेला पाहिजे.

पाणी बंद असताना

पुरवठा बंद असतो तेव्हा घरोघरी पिंप, टाक्या, बादल्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि खोदकाम सहसा त्याहून लांबते. म्हणून पिंपांवर कापड घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून घासावे, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात. खंदकात साचलेले पाणी उपसण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते.

नळ बंद म्हणून पुन्हा वापरात आलेल्या जुन्या विहिरीत रोज टीसीएल टाकायला हवी. टँकरचे पाणी भरतानाच त्यात क्लोरीन मिसळले का, हे विचारावे. पिण्याचे भांडे उंचावर, झाकून ठेवावे आणि पाणी ओगराळ्याने काढावे. हात बुडाला की साठ्याची शुद्धता तिथेच संपते.

पाणी आल्यावर

पहिले पाणी गढूळ असेल तर ते पिण्यासाठी भरू नये. स्वच्छ धार येईपर्यंत सोडून द्यावे. फार तर भांडी-धुण्यापूर्वीच्या सफाईला वापरावे. स्वच्छ दिसणारे पाणीही तपासणीचा निकाल येईपर्यंत खळखळून एक मिनिट उकळून प्यावे. सरपण किंवा गॅस परवडत नसेल, तर चार पदरी कापडातून गाळून आशाताईंकडे मिळणारे मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे टाकाव्यात आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडते, म्हणून गाळणे आधी. तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी नको.

जुलाब सुरू झाले तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट, आणि मुलांना १४ दिवस झिंक: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

गावपातळीवर विचारायचे प्रश्न मोजके आहेत. दाबचाचणी खंदक बुजवण्याआधी झाली का? क्लोरीन किती टाकले आणि किती तास कोंडले? नमुना कोणत्या तारखेला गेला आणि अहवाल काय आला? जुन्या लाइनची तोंडे बंद केली, की ती अजून नव्या लाइनला जोडलेली आहे? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या महिलांनी पाणी सुटल्याच्या पहिल्या दिवशी सर्वांत शेवटच्या घराच्या नळाचे क्लोरीन तपासावे. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन नेहमीच दाखवते. शेवटच्या घरी ते पोहोचले का, यावर त्या गल्लीतल्या मुलांचे पुढचे काही आठवडे अवलंबून असतात. चारही उत्तरे आणि या तपासणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागल्यानंतरच काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही व्हावी, असा ठराव कोणत्याही ग्रामसभेला करता येईल.