वाटप झालं... पुढे काय?

चोरखमारा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी वाघ आठवतो. साहजिकच आहे म्हणा! तिरोडा तालुक्यातलं हे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला अगदी चिकटून. १९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. आज चोरखमारा गेटमधून पर्यटकांच्या जिप्सी आत जातात. जवळच मोठा तलाव, हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांची गर्दी. फोटो काढायला यावं असंच सगळं.

पण मैत्रिणींनो, गेटच्या अलीकडेही एक जग आहे. धानाच्या बांधीत दिवसदिवस वाकून रोवणी करणाऱ्या बाया, उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणाऱ्या आज्या, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी घरंच्या घरं. धान निघालं की कामाच्या शोधात बाहेरगावी जाणारे बापे आणि मागे उरलेली आई, लेकरं, म्हातारी. चोरखमाराच कशाला, गोंदिया-भंडाऱ्यातल्या कुठल्याही जंगलाकाठच्या गावात हेच चित्र दिसेल.

अशा गावांना मदत मिळत नाही, असं मुळीच नाही. थंडी पडली की शहरातून गाडी येते. ब्लँकेटं येतात, वह्या येतात, कधी साड्या, कधी लाडूचे डबे. बॅनर लागतो, रांग लागते, फोटो निघतात. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. ब्लँकेटाची ऊबही खोटी नसते. पण संध्याकाळी गाडी परत जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातला प्रश्न जिथल्या तिथे असतो. एका आजीबाईने मला विचारलं होतं, "बाई, कांबळ तं भेटलं. पण नातीची शाळा सुटली, ते कोनाले सांगू जी?"

किती सरळ प्रश्न! लेकरांसाठी, कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. पण वाटप करून जाणारी संस्था वेगळी आणि गावात राहणारी संस्था वेगळी. ती कशी ओळखायची? त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्या विदर्भातच बघू या.

आधी विचारलं, मग बांधलं

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठमोठ्या इमारतींची लोकांना भीती वाटायची. म्हणून शोधग्राममधला दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. देवीचं नाव असलेल्या दवाखान्यात जायला भीती कसली?

राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. ब्याण्णव! आणि बहुतेकींनी तो 'बाईच्या जातीला असायचाच' म्हणून अंगावर काढलेला. हे वाचून आपल्यापैकी किती जणींना स्वतःचंच दुखणं आठवेल?

पुढचं काम तर त्याहून मोठं. खेड्यात बाळं घरीच जन्मत आणि पहिल्या महिन्यातच कितीतरी दगावत. न्यायला दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले. मग 'सर्च'ने ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांनाच तयार केलं. बाळाला उबदार कसं ठेवायचं, वजन कसं करायचं, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, बाळ जन्मताच रडलं नाही तर काय करायचं, सगळं शिकवलं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये हा निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०११ साली केंद्र सरकारने हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंसाठी स्वीकारली. आज तुमच्या घरी बाळंतिणीला बघायला आशाताई येते ना, बाळाचं वजन करते, ताप बघते? त्या भेटीची एक वाट गडचिरोलीच्या जंगलातून आलेली आहे. ज्यांना आपण 'अडाणी' म्हणतो, त्या बायांनी ती घडवली.

तळं वाचलं तर चूल पेटते

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण. आपला मुलूख तलावांचा. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले आणि त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असं नाव पडलं. काळाच्या ओघात गाळ साचला, बेशरम माजलं, पाण्यातल्या वनस्पती गेल्या आणि गावरान मासोळीही गेली. याचा फटका कुणाला? ज्यांची चूल मासोळीवर पेटते त्या धिवर समाजाला.

मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने इथे काय केलं? मासे वाटले नाहीत. धिवरांना तलावाचं जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं, तेच कामाला लावलं. कोणत्या वनस्पतीत कोणती मासोळी अंडी घालते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. बेशरम उपटलं, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासेमारी सोसायट्यांना सोबत घेतलं. या कामात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या धिवर बायका पुढे आल्या. ज्या बाया पूर्वी बाजारात मासोळी विकण्यापुरत्या होत्या, त्या चिखलात उतरल्या, गट बांधले, ग्रामसभेत बोलू लागल्या. तळं सुधारलं की मासोळी वाढते, मासोळी वाढली की घरात पैसा येतो आणि लेकरांच्या ताटातही चार घास चांगले पडतात. लेकराला मदत करायची तर कधीकधी आधी तळ्याला मदत करावी लागते ती अशी!

अठराव्या वर्षानंतर कुठे जायचं?

तिसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचं. शंकरबाबा पापळकरांनी तिथे टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद, अंध मुलांना घर दिलं. नुसतं छप्पर दिलं नाही, बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. कायद्याने अठरा वर्षांनंतर मुलांना बालगृह सोडावं लागतं. पण जी मुलगी स्वतः जेवूही शकत नाही, ती अठराव्या वाढदिवशी कुठे जाणार? हा प्रश्न बाबा वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा पास झाली. कचऱ्यात टाकलेलं हे पोर! सोबत मिळाली की माणूस कुठवर जातो बघा.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. कुणीही 'आम्ही देतो, तुम्ही घ्या' म्हटलं नाही. आधी ऐकलं, मग सोबत राहिले, एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं.

कागदांची भिंत

तुम्ही म्हणाल, "ताई, ही मोठी माणसं. आम्ही घरच्या बाया काय करणार?" सांगते. आमच्या तालुक्यातल्या एका गावातल्या बाईचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवरा गेला, पदरात दोन लेकरं. मोठी आठवीत होती, रोवणीच्या दिवसांत मजुरीला जायला लागली ती शाळेत परतलीच नाही. गावात सगळे हळहळले. पण अशा लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि २०२३ पासून तिच्यात मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगितल्यावर तरी काय? कागद! नवऱ्याचा मृत्यू दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक. एका ठिकाणी आधारवर एक नाव, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एका फेरीत मजुरी बुडते आणि गाडीभाडं वेगळं. दोनदा जाऊन ती घरी बसली. "जाऊ द्या जी बाई, आमच्या नशिबी नाही," म्हणाली.

तिसऱ्या वेळी बचत गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. खिडकीवर एकटी बाई उभी राहिली की तिला 'उद्या या' म्हणतात. तिघी उभ्या राहिल्या की कागद बघतात. नावाची दुरुस्ती झाली, अर्ज गेला, बाल कल्याण समितीसमोर लेकरं उभी राहिली. वेळ लागला, पण काम झालं. आणि मोठी पोरगी? ती आता पुन्हा शाळेत जाते. तिच्या वर्गात ती सगळ्यांत उंच आहे, म्हणून लाजते थोडी. लाजू दे. जाते ना!

मैत्रिणींनो, त्या दोघींनी खिशातून काय दिलं? बसचं तिकीट आणि एक दिवस. पण तेवढ्यानेच भिंतीत दार झालं.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं, १०९८ हा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. १९९६ साली मुंबईत एका प्रकल्पातून चाइल्डलाइन सुरू झाली, २०२३ पासून ती शासनाच्या यंत्रणेतून चालते. लेकरू हरवलं असेल, मार खात असेल, कामाला जुंपलं असेल किंवा बालविवाह ठरत असेल तर दिवसा-रात्री केव्हाही फुकट फोन लागतो.

दुसरं, गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. ती कागदावरच आहे की बैठका होतात, हे ग्रामसभेत विचारा. विचारायला पद लागत नाही.

तिसरं, बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं एवढंच बोला: आपल्या वस्तीत कोणतं लेकरू या महिन्यात शाळेत गेलं नाही? कोणती बाई एकटी पडली? गटाच्या वहीत पैशांसोबत हीही नोंद असू द्या.

चौथं, कुणी संस्था म्हणून दारात आली तर प्रेमाने बसवा, चहा पाजा आणि विचारा. नोंदणी आहे का? धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देता का? मागच्या वर्षी कोणत्या गावात काम केलं? पुढच्या वर्षी परत येणार का? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आनंद होतो. लेकरांचे फोटो मात्र आईबापाला विचारल्याशिवाय काढू देऊ नका. गरिबाच्या लेकराचीही अब्रू असते.

आणि ब्लँकेटं वाटायची नाहीत का? जरूर वाटा. थंडी काही तत्त्वज्ञान ऐकून थांबत नाही. फक्त ब्लँकेट देताना त्या घरात घडीभर बसा, आजीला विचारा, "नात शाळेत जाते का जी?" उत्तर 'नाही' आलं, तर तिथून आपलं काम सुरू होतं.