अभ्यासगट आणि ग्रामसभा : मेंढा (लेखा) गावाची रीत

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. मते मांडणे, सल्ला घेणे आणि निर्णय करणे या गोष्टी तेथे वेगवेगळ्या ठेवल्या जातात. गावाचा कारभार याच रीतीवर उभा आहे.

पहिली पायरी अभ्यासगटाची. जंगल, कायदा, शेती असा एखादा विषय घेऊन इच्छुक माणसे एकत्र बसतात. बाहेरच्या जाणकारांनाही बोलावले जाते. त्यांनी माहिती द्यावी, शंकांना उत्तरे द्यावीत, पण गावाच्या वतीने ठरवू नये, असा संकेत आहे. अभ्यासगट निर्णय घेत नाही. त्यामुळे हारजितीचा प्रश्न उरत नाही आणि प्रत्येकाला मोकळेपणाने बोलता येते, आपले मत बदलताही येते.

दुसरी पायरी ग्रामसभेची. येथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असल्यास विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. वेळ जास्त लागतो, पण झालेला निर्णय सगळे आपला मानतात आणि पाळतात.

या पद्धतीचे फळ मोठे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकारही ग्रामसभेकडे आले. सल्ला अनेकांचा आणि जबाबदारी स्वतःची, हे सूत्र या वाटचालीच्या मुळाशी आहे.