अनोळखी उद्योजकाकडून लेखनाचं काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंप्राळ्यासारख्या जळगावच्या उपनगरात चांगलं मराठी लिहिणारी मुलं-मुली घरोघरी आहेत. अनेकांना फ्रीलान्स लेखन करायचं असतं, पण पहिलं काम आणायचं कुठून, इथेच घोडं अडतं. ओळख ना पाळख अशा व्यावसायिकाला स्वतःहून लिहून काम विचारणं, हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. त्याबद्दलचे समज मात्र अनेकांना पहिल्या पत्राआधीच थांबवतात.

गैरसमज १: लेखनाचं काम पुण्या-मुंबईतच असतं.

वस्तुस्थिती: जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप आणि ठिबकचं साहित्य बनतं. डाळमिल आहेत, शहरात सराफ बाजार आहे. रावेर-यावल पट्ट्यातली केळी देशभर जाते. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातल्या प्रत्येकाला माहितीपत्रक, वापराच्या सूचना, पाकिटावरचा आणि वेबसाइटवरचा मजकूर लागतो. सहकारी पतसंस्थांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेपुढे अहवाल ठेवावा लागतो. त्याच्या लेखनाबद्दल विचारायचं तर जूनमध्येच विचारलेलं बरं.

शिवाय जिल्ह्याच्या पूर्वेला लेवा गणबोली, पश्चिमेला आणि धुळ्याकडे अहिराणी. कोणत्या गावच्या शेतकऱ्याला कोणता शब्द आपला वाटेल, हे इथे वाढलेल्या माणसाला उपजत कळतं. ही जाण बाहेरच्या एजन्सीला सहज मिळत नाही.

गैरसमज २: अनोळखी माणसाकडे काम मागणं म्हणजे हात पसरणं.

वस्तुस्थिती: ‘मी लेखक आहे, काही काम असेल तर कळवा’ एवढंच लिहिलं, तर ती विनंती होते. समोरच्याच्या धंद्यातली एक अडचण दाखवून ती सोडवायची तयारी सांगितली, तर तो व्यवहाराचा प्रस्ताव होतो. पाइप बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला असं लिहिता येईल:

‘नमस्कार साहेब. मी पिंप्राळ्यात राहतो आणि मराठी व्यावसायिक लेखन करतो. तुमच्या पाइपच्या माहितीपत्रकात जोडणीच्या सूचना फक्त इंग्रजीत आहेत. शेतात पाइप जोडणाऱ्याला त्या वाचता येतीलच असं नाही, आणि चुकीची जोडणी गळाली की दोष पाइपला लागतो. पहिल्या तीन सूचना मराठीत करून देत आहे: पाइपचं टोक आणि जोडाचा आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा. दोन्हींना सॉल्व्हंट सारखं लावा. पाइप आत घालून थोडा फिरवा आणि घट्ट धरून ठेवा. उरलेलं माहितीपत्रक मराठीत हवं असेल तर दर आणि मुदत कळवतो.’

या पत्रात स्वतःची स्तुती नाही, पदव्यांची यादी नाही. कारखानदाराला ते दोन मिनिटांत वाचून होतं आणि लेखकाचा हात कसा आहे, हे त्या तीन सूचनांवरूनच समजतं. छापून आलेलं लेखन गाठीशी नसलं तरी अडत नाही. असा नमुना पुरतो.

गैरसमज ३: जितके जास्त ईमेल, तितकी जास्त कामं.

वस्तुस्थिती: एकच मजकूर शेकडोंना पाठवला की तो स्पॅममध्ये पडण्याची शक्यता वाढते. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० ईमेलची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केले. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांना घाऊक संदेश पाठवले तर खातं बंद होऊ शकतं. त्यापेक्षा मोजकेच व्यवसाय निवडा. प्रत्येकाचं माहितीपत्रक, पाकीट, वेबसाइट नीट वाचा आणि पत्र थेट मालकाच्या किंवा विक्री पाहणाऱ्याच्या नावाने लिहा.

गैरसमज ४: उत्तर आलं नाही म्हणजे नकार.

वस्तुस्थिती: कारखान्यात ईमेल अनेकदा ऑर्डर आणि हिशेबासाठीच उघडला जातो. आठवड्याभराने त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण जरूर करावी. जळगावात तर कामाच्या वेळी, रीतसर वेळ मागून, छापलेला नमुना घेऊन समक्ष भेटताही येतं. दोन आठवणींनंतरही शांतता असेल तर पुढच्या व्यवसायाकडे वळावं. ‘नको’ असं स्पष्ट आलं तर आभार मानून तिथेच थांबावं.

गैरसमज ५: सुरुवातीला फुकट लिहून द्यावं, मग ओळख होते.

वस्तुस्थिती: तीन ओळींचा नमुना देणं वेगळं आणि अख्खं माहितीपत्रक फुकट लिहिणं वेगळं. फुकट मिळालेल्या कामाला पुढे दर लावणं अवघड जातं. कायदाही लेखकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.

गैरसमज ६: जीएसटी नंबर आणि ऑफिस असल्याशिवाय कंपन्या विचारत नाहीत, आणि पैसे बुडाले तर काही करता येत नाही.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. लहान व्यवसायांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मात्र करून घ्यावी. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारात उभं करू नये. अशा नोंदणीकृत सूक्ष्म व्यवसायाचं बिल लेखी करार असल्यास ठरल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. म्हणून काम, दर, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे ईमेलवर का होईना, लिहून घ्यावं. निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच करू नये.

खान्देशात कसदार माल बनतो, पण त्याच्याबद्दलचा मराठी मजकूर अनेकदा घाईत केलेला किंवा कच्च्या भाषांतराचा असतो. तो सुधारण्याची ताकद इथल्याच लिहित्या हातांत आहे. म्हणून या आठवड्यात आपल्या परिसरातला एकच व्यवसाय निवडा, त्याने छापलेला प्रत्येक शब्द वाचा, आणि जिथे ग्राहक अडखळेल असं वाटतं ती जागा सुधारून त्याला पाठवा. काम मागताना लाजू नका, आणि झालेल्या कामाचे पैसे मागताना तर मुळीच लाजू नका.